दिसतंय, मग तपासायचं कशाला?

"लांबचं दिसतं, जवळचं दिसतं, डोळे दुखत नाहीत. मग उगाच तपासायचे कशाला?" नेत्रतज्ज्ञांना हा प्रश्न नेहमीच ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. दात किडला की ठणकतो, पोट बिघडलं की जेवण जात नाही, गुडघा झिजला की जिना चढताना कळतं. शरीराने तक्रार केली की डॉक्टर गाठायचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डोळ्यांच्या बाबतीत मात्र ही रीत दगा देते. दृष्टी कायमची घालवणारे बरेचसे आजार दुखत नाहीत, आणि सुरुवातीची काही वर्षं दिसण्यातला फरकही जाणवू देत नाहीत. असं का होतं ते आधी समजून घेतलं, तर कोणत्या वयात काय तपासायचं हे पुढे सहज उलगडत जातं.

१. न दिसणारी जागा

एक छोटा प्रयोग घरी करून बघता येतो. कोऱ्या कागदावर डावीकडे अधिकची खूण काढायची आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा हाताने झाकायचा आणि उजव्या डोळ्याने फक्त अधिकच्या खुणेकडे बघत राहायचं. कागद हातभर लांब धरून हळूहळू जवळ आणला की साधारण तीस सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होतो. कागद आणखी जवळ आणला की तो परत दिसू लागतो.

डोळ्याच्या मागच्या पडद्यातून, म्हणजे दृष्टिपटलातून, मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. प्रत्येक डोळ्यात अशी एक आंधळी जागा जन्मापासून असते. पण खरं नवल पुढे आहे. ठिपका गेल्यावर त्या जागी काळं भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मेंदू आजूबाजूचं चित्र घेऊन ती जागा भरून काढतो.

मेंदूची ही सवय आजारातही सुटत नाही. पडद्याचा एखादा भाग काम करेनासा झाला, तरी चित्रात खिंडार पडल्याचं माणसाला जाणवत नाही. शिवाय डोळे दोन आहेत. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. एखाद्याच्या डोळ्यात कचरा जातो, तो डोळा चोळत असताना दुसऱ्याने बघायला जावं तर सगळं धूसर, आणि मग कळतं की हा डोळा केव्हापासून तरी अधू आहे. म्हणून 'मला दिसतंय' एवढ्यावर विसंबता येत नाही.

२. तक्ता ही फक्त सुरुवात

वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता सगळ्यांच्या ओळखीचा असतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचे नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी तो १८६२ साली तयार केला. तपासणीच्या कागदावर ६/६ किंवा ६/६० असं लिहितात, ते त्याच पद्धतीने. पहिला आकडा म्हणजे वाचणारा तक्त्यापासून किती मीटरवर आहे. दुसरा म्हणजे निरोगी डोळा तीच ओळ किती मीटरवरून वाचू शकतो. ६/६० चा अर्थ असा, की इतरांना साठ मीटरवरून वाचता येणारं अक्षर या डोळ्याला सहा मीटरवर आल्याशिवाय कळत नाही.

पण अक्षर वाचताना पडद्याचा केवळ मधला, अगदी लहानसा भाग वापरला जातो. उरलेल्या पडद्याबद्दल तक्ता काहीच सांगत नाही. त्यासाठी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते आणि आत बघावं लागतं. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा बघायची सोय वैद्यकाला मिळाली ती १८५१ मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बनवलेल्या उपकरणामुळे. त्याआधी बाहुलीपलीकडे अंधारच होता. आज पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं टोक काही मिनिटांत तपासता येतं. कुठेही न कापता रक्तवाहिन्या थेट बघता येतील अशी शरीरातली ही एकमेव जागा आहे. त्यामुळे वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांच्या खुणाही इथे सापडतात.

चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नंबर काढून घेण्यात गैर काही नाही. मात्र ती डोळ्यांची तपासणी नव्हे. नंबर निघतो, डोळ्याचा दाब आणि पडदा तसेच राहतात.

३. पहिले तीस दिवस

गर्भात बाळाच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात आणि नऊ महिने भरत येतात तेव्हा कुठे कडेपर्यंत पोचतात. बाळ फार लवकर जन्मलं, तर ही वाढ अर्धवट राहते. पुढे काही बाळांत वेड्यावाकड्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटू लागतात. त्यांच्या ओढीने पडदाच सुटून येऊ शकतो. लेझरने किंवा इंजेक्शनने हे वेळीच थांबवता येतं. 'वेळीच' म्हणजे काही दिवसांच्या आत.

म्हणून भारतातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. फारच लवकर जन्मलेल्या बाळाचा दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून या बाळांचे डोळे अगदी निरोगी दिसतात. आईला, आजीला, कुणालाही शंका येत नाही.

हा महिना हातचा गेला तर काय होतं, याची नोंद सर्वोच्च न्यायालयात आहे. १९९६ साली चेन्नईतल्या एका सरकारी रुग्णालयात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलीच्या आईवडिलांना पडद्याच्या तपासणीबद्दल कुणी सांगितलंच नाही. मुलीची दृष्टी गेली. २०१५ मध्ये न्यायालयाने कुटुंबाला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. काचपेटीतून बाळ घरी आणताना कार्डावर पडद्याच्या तपासणीची तारीख लिहिलेली आहे का, हे प्रत्येक कुटुंबाने विचारलंच पाहिजे. लसीच्या तारखेइतकीच ती महत्त्वाची आहे.

आणखी एक खूण घरच्यांच्या हातात असते. फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी चमकत असेल, तर थांबू नये. पांढऱ्या चमकेमागे जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, क्वचित पडद्याचा कर्करोगही. लवकर सापडल्यास दोन्हींवर उपचार आहेत.

४. बघायला शिकणारा मेंदू

मूल जन्मतःच डोळे उघडतं, पण नीट बघायला ते पुढच्या काही वर्षांत शिकतं. दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट चित्रं येत राहिली तरच मेंदूतली दृष्टीची केंद्रं पूर्ण घडतात. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं, आणि १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा खूप जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू धूसर चित्राकडे दुर्लक्ष करायला लागतो. डोळा निरोगी असूनही दृष्टी घडत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. उपाय साधा आहे: योग्य चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. आळशीपणा मध्यम असेल तर दिवसाला दोन तासही पुरतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. सातव्या वर्षाच्या आत उपचार सुरू झाले तर सर्वांत चांगला गुण येतो. नंतर यश कमी कमी होत जातं.

"तिरळेपणा मोठेपणी आपोआप जाईल", "तिरळं मूल नशीबवान असतं" अशी समजूत अजूनही घराघरांत आहे. त्या समजुतीपायी कितीतरी मुलांचा एक डोळा कायमचा अधू राहतो. बालवाडीत जाण्याआधी, तीन-चार वर्षांच्या वयात, प्रत्येक मुलाचे डोळे एकदा तपासून घ्यावेत. अक्षरं येत नसली तरी चित्रांचे तक्ते असतात, आणि मुलाने एक शब्दही न बोलता नंबर काढता येतो.

५. फळा सगळ्यांना असाच दिसतो का?

आता चष्म्याच्या नंबराचं गणित. लांबचं न दिसणाऱ्या माणसाला बिनचष्म्याने किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं? एकाला नंबराने भागायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. नंबर उणे दोन असेल तर अर्धा मीटर. उणे चार असेल तर पाव मीटर, म्हणजे जेमतेम एक वीत. उणे दोनच्या मुलाला वही स्वच्छ दिसते, पण चार-पाच मीटरवरचा फळा पुसट. ते मूल तक्रार करत नाही, कारण फळा सगळ्यांना असाच दिसतो असं त्याला वाटतं. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं, डोळे बारीक करतं, टीव्हीच्या जवळ सरकतं. कधी त्याच्यावर अभ्यासात लक्ष नसल्याचा शिक्का बसतो.

शाळेतली तपासणी यासाठीच असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात, त्यात डोळेही असतात. पण पथकाने चिठ्ठी दिली आणि ती दप्तरातच राहिली, असं वारंवार घडतं. मुलींच्या बाबतीत तर जास्तच. चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, ही भीती घरच्यांच्या मनात असते. शिकणाऱ्या मुलीला फळा दिसू न देण्याइतकं ते कारण मोठं नाही, हे शिक्षकांनी आणि आशाताईंनी घरी जाऊन सांगायला हवं. चष्मा वापरल्याने नंबर वाढतो हाही गैरसमज आहे. नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढते म्हणून.

ती वाढ थोडी रोखता येते, हे चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत दिसलं. काही शाळांनी पहिलीतल्या मुलांचा रोज चाळीस मिनिटांचा एक तास जास्तीचा मैदानावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती. नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत हे प्रमाण ३९ टक्क्यांहून जास्त होतं. मधल्या सुट्टीत मुलांना वर्गात बसवून ठेवणाऱ्या शाळांनी हे आकडे बघायला हवेत.

६. चहाच्या मळ्यातली चाळिशी

चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर होतं. सुईत दोरा ओवता येत नाही, औषधाच्या बाटलीवरची तारीख हात लांब करून वाचावी लागते. पुष्कळ जण याला लिहिण्या-वाचण्याची अडचण समजतात आणि शेतात राबणाऱ्याला चष्म्याची काय गरज, असं म्हणतात.

आसामच्या चहामळ्यांत याची नीट परीक्षा झाली. चाळिशी उलटलेल्या साडेसातशे कामगारांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पन्नाशी ओलांडलेल्यांत वाढ त्याहून मोठी होती. दिवसाच्या मजुरीत एवढा फरक पाडणारी वस्तू काही फार महाग नव्हती.

चाळिशीच्या चष्म्याचा आणखी एक उपयोग आहे. ज्यांना आयुष्यात कधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागलं नाही, ते यानिमित्ताने पहिल्यांदा जातात. रस्त्यावरच्या गाड्यावरून तयार चष्मा उचलला, तर अक्षरं दिसू लागतात, पण ही संधी निसटते. आणि पुढचा आजार नेमका याच वयात पाय रोवतो.

७. काचबिंदू

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर जातं. मोरीच्या जाळीत केस अडकले आणि नळ चालूच राहिला तर पाणी साचत जावं, तसं या जाळीतून निचरा कमी झाला की डोळ्यातला दाब वाढतो. नेहमीचा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. वाढलेल्या दाबाने मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात. त्यांतले हजारो गेले तरी माणसाला पत्ता लागत नाही, कारण आधी जाते ती कडेची नजर, आणि ती उणीव मेंदू भरून काढतो.

म्हणूनच काचबिंदूचा रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ खणखणीत वाचू शकतो. त्याच वेळी बाजूने येणारी रिक्षा त्याला दिसत नसते, उंबऱ्याला पाय अडखळत असतो. अडखळण्याचा दोष घाईला किंवा वयाला दिला जातो. मधली नजरही जायला लागते तेव्हा तो डॉक्टरकडे येतो, आणि तोपर्यंत गेलेलं परत आणणारा उपचार आजही जगात नाही. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हेच माहीत नव्हतं.

उरलेली दृष्टी मात्र राखता येते. रोज घालायचे थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया यांनी दाब उतरवतात. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दाब एक मिलिमीटरने उतरला की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होताना दिसला. काहींना दाब प्रमाणात असूनही काचबिंदू होतो. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. नसेचं टोक बघावं लागतं आणि संशय असेल तर कडेची नजर मोजणारी चाचणी करावी लागते. त्यात समोर बघत राहून बाजूला चमकणारा प्रकाश दिसला की बटण दाबायचं असतं.

आईवडिलांपैकी किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीची वाट बघू नये. आणि घरात एकाला निदान झालं की बाकीच्यांनी त्याच महिन्यात तपासून घ्यावं.

एक धोका तर आपणच ओढवून घेतो. डोळे लाल झाले, खाज सुटली, की मेडिकलमधून थेंब आणले जातात. त्यांत स्टेरॉइड असेल तर आराम झटकन पडतो आणि तीच बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते. महिनोन्‌महिने घातलेल्या स्टेरॉइडने काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या शाळकरी मुलांतही अशी प्रकरणं डॉक्टरांना बघावी लागतात, आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी असतात.

८. साखर आणि पडदा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रक्तात वाढलेली साखर पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब करते. त्या पाझरतात, बंद पडतात, नंतर नव्या नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. यातला पहिला बराच काळ दृष्टी ६/६ राहू शकते.

प्रौढ वयातला मधुमेह लक्षात येण्याआधी कित्येकदा काही वर्षं शरीरात असतो. त्यामुळे निदान झालं त्याच सुमारास पडदा तपासायचा आणि नंतर दरवर्षी. लहान वयात इन्शुलिन लागलेल्यांनी निदानापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करावी. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात पडद्याचा आजार वेगाने वाढू शकतो. साखरेचा रिपोर्ट चांगला आला म्हणून डोळ्यांची तपासणी टाळायची नसते.

९. साठीनंतर

"आजोबांना परत बिनचष्म्याने पेपर वाचता यायला लागला!" घरात याचं कौतुक होतं. पुष्कळदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंगाचा गाभा घट्ट होताना नंबर बदलतो आणि काही काळ जवळचं बरं दिसतं, लांबचं मात्र बिघडत जातं.

२०१५ ते २०१९ मधल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी साधारण दोन तृतीयांश जणांच्या अंधत्वाचं कारण मोतीबिंदू होतं. म्हणजे शस्त्रक्रियेने दृष्टी परत येऊ शकेल अशी ही माणसं अंधारात बसली होती. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ते बसतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो हा जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला समज आहे. फार पिकलेला मोतीबिंदू उलट डोळ्याचा दाब वाढवू शकतो.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते सगळा दोष मोतीबिंदूवर ढकलल्याने. "थंडीत काढू, पिकला की बघू" म्हणत दोन वर्षं जातात आणि त्याच डोळ्यात काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असतो. नजर मंदावली की कारण डॉक्टरने ठरवावं, घरच्यांनी नाही.

१०. कधी आणि कसं जायचं

अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचं वेळापत्रक सामान्य माणसाला वापरता येण्यासारखं आहे. तक्रार नसली तरी विशीत एकदा आणि तिशीत दोनदा. चाळिसाव्या वर्षी एकदा संपूर्ण तपासणी, त्यानंतर ५४ पर्यंत दर दोन ते चार वर्षांनी, ६४ पर्यंत एक ते तीन वर्षांनी आणि पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी. चष्मा असलेली मुलं, मधुमेही आणि घरात काचबिंदू असलेले यांनी डॉक्टर सांगतील तसं. अचानक डोळ्यापुढे विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी.

थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्यामुळे सोबत कुणाला तरी न्यावं आणि स्वतः दुचाकी चालवत परतू नये. जुना चष्मा, चालू असलेली सगळी औषधं आणि थेंब बरोबर असावेत. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी करून मिळते, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयात मोफत होते. आधीच्या तपासण्यांचे कागद एका फाइलीत ठेवावेत, विशेषतः कडेच्या नजरेच्या चाचणीचा छापील नकाशा आणि नसेच्या टोकाचे फोटो. काचबिंदू पुढे सरकतोय की थांबलाय, हे डॉक्टर दोन वर्षांपूर्वीचा नकाशा आजच्या शेजारी ठेवून ठरवतात.